सातवा हूक

कप्तानाची मुलगी आली तेव्हा वहिनी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि भाऊजी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. सोडवत होते म्हणजे वहिनींना विचारून विचारून भरत होते.

मुलगी म्हणायचं एवढंच, बाई चाळिशीची होती. धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. दोन्ही मनगटांवर चटक्यांचे जुने डाग होते. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली.

"पोलिसांनी मला वेड्यात काढलं," ती म्हणाली. "तुम्हीही काढणार असाल तर आत्ताच सांगा. तीनला मला कामावर हजर व्हायचंय."

"नीट मागे बसा," वहिनी म्हणाल्या. "वेड्यात काढायला या घरात माझे भाऊजी आहेत. दुसऱ्या कुणाची पाळी येत नाही."

भाऊजींनी नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. वहिनींनी तेवढीच वर्षं बंदरावर जकातीच्या पेट्या तपासल्या होत्या. वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, गेल्यावर दोघांनी मिळून ही चौकशी कचेरी काढली. नोकरी सुटली तरी वहिनींची एक खोड सुटली नव्हती. समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करून ती भरीव की पोकळ ते त्या बघत. लोकांच्या घरी गेल्यावर भाऊजींना त्याची फार लाज वाटे.

बाईने सांगायला सुरुवात केली.

एका घराण्याची जहाज कंपनी. आजोबांनी ऐंशी वर्षांपूर्वी काढलेली. किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्या बंदरांत सिमेंट, मीठ, लाकूड पोचवणाऱ्या छोट्या बोटी. बोटींना नावं नाहीत, नुसते आकडे: पहिली, दुसरी, तिसरी. नाव ठेवलं की माया जडते, असं आजोबा म्हणत. माया जडायची ती जडलीच.

"सातवी एकतीस वर्षांपूर्वी बुडाली. माझे बाबा तिचे कप्तान. बाबा आणि आठ खलाशी, कुणी वाचलं नाही. चौकशीत ठरलं की कप्तानाने दिशा चुकवली. त्या आठांतल्या तिघांची घरं आमच्याच गल्लीत आहेत. एकतीस वर्षं दुकानाच्या रांगेत माझ्या आईच्या शेजारी कुणी उभं राहत नाही."

आता कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक निघत होतं. ते लिहीत होते कंपनीचे जुने हेडक्लार्क. त्यांनी शनिवारी संध्याकाळी तिला फोन केला. म्हणाले, सोमवारी ये, सातवीचं पान बदलावं लागणार, तुझ्या बाबांनी काही केलेलं नाही. रविवारी दुपारी ते कचेरीच्या जिन्यावरून पडून मेले.

"पुस्तक शुक्रवारी छापायला जातंय. डॉक्टर म्हणतात, आईने आठवडा काढला तरी पुष्कळ." तिने पदराने नाक पुसलं. "मला पैसा नको, शिक्षा नको. आई डोळे मिटायच्या आत तिला कुणीतरी सांगायला हवं, की तुझ्या नवऱ्याने आठ माणसं मारली नाहीत."

"बाबांचं शेवटचं काही आठवतं?" वहिनींनी विचारलं.

"मी नऊ वर्षांची होते. निघायच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले. जेवणात लक्ष नव्हतं. आईने फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, बोटीच्या घंटेला तडा गेलाय. बस्स. आई अजून तेच धरून बसलीय. अपशकुनच होता म्हणते."

भाऊजींना गलबलून आलं. वहिनींनी मात्र पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि त्या बाईकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

*

कंपनीची इमारत धक्क्यासमोर होती. दाराशी छत्र्यांचं स्टँड, मग चार पायऱ्या, मग कचेरी. तिथून उंच लाकडी जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. जिन्याच्या भिंतीवर ओळीने हूक होते आणि हुकांना पितळी घंटा टांगल्या होत्या. प्रत्येकीवर मोठा ओतीव आकडा होता. सहाव्या आणि आठव्या घंटेच्या मधला हूक रिकामा होता.

"आजोबांचा नेम," मिस्त्री म्हणाला. कंपनीचं कोठार तोच सांभाळे, आणि सोमवारी सकाळी प्रेतही त्यालाच दिसलं होतं. "बोट भंगारात निघाली की तिची घंटा इथे येते. सातवीची कुठून येणार? मालकांच्या बहीण, ताई, दर एक तारखेला स्वतः घासतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

त्या दिवशी बुधवार, चोवीस तारीख होती. खाऱ्या वाऱ्याने घंटा काळवंडल्या होत्या. वहिनींनी दोन-तीन घंटांवर टकटक केलं. भाऊजींनी मान वळवली.

"ते कुठे पडले होते?"

"इथे. या पायरीवर डोकं. काठी तिकडे, छत्र्यांच्या स्टँडमध्ये."

"स्टँडमध्ये? मग दारापासून कचेरीपर्यंतच्या चार पायऱ्या ते काठीशिवाय चढत?"

"छे हो. गुडघा पार गेलेला. काठी म्हणजे तिसरा पाय होता त्यांचा. बसले की काठी गुडघ्यांत धरून बसायचे."

"रविवारी किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"त्यांच्याकडे, माझ्याकडे आणि तिघा भावंडांकडे, म्हणजे दोघे मालक आणि ताई. मी दिवसभर गोदीत होतो, बाराव्या बोटीला रंग चालू होता. धाकटे मालकही तिथेच होते. म्हणजे मधे दोन तास जेवायला गेले होते."

हेडक्लार्कच्या टेबलावर पुस्तकाची मुद्रितं व्यवस्थित रचलेली होती. भाऊजींनी पानं मोजली आणि त्यांना एक जागा रिकामी सापडली: सातवीच्या प्रकरणातलं फोटोचं पान नव्हतं.

"शाबास, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कधीकधी तुमचा उपयोग होतो."

*

थोरले मालक स्वतःच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. बोलताना एक गाल हलत नव्हता.

"माझा या पुस्तकाला पहिल्यापासून विरोध होता," ते म्हणाले. "ऐंशी वर्षांत चांगलं तेवढंच घडलं का? जुनं उकरून कुणाचं भलं होतं?"

"रविवारी आपण कुठे होतात?"

"घरी. माझं सगळं करणारा माणूस आहे, त्याला विचारा. तो माझाच पगार घेतो, तेव्हा विचारून काय मिळणार म्हणा." त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू असावं.

"सातवी बुडाली तेव्हा कंपनी कोण बघत होतं?"

"वडील अंथरुणाला खिळलेले. मी पलीकडच्या बंदरातल्या कचेरीत. इथलं सगळं ताई बघायची. सातवीच्या विम्याच्या पैशांतून तिने नसतं सावरलं तर त्याच वर्षी दाराला कुलूप लागलं असतं."

धाकटे मालक गोदीत भेटले. दणकट माणूस, बोलताना सारखा घड्याळाकडे बघणारा. वहिनींनी आडपडदा न ठेवता विचारलं, "कंपनी विकताय म्हणे?"

"कोण म्हणालं? ...बरं, विकतोय. माझी मुलं बोटीवर पाय ठेवत नाहीत, दादांना मूल नाही. पण म्हणून मी म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकलीन का? त्यांनी मला गाठी मारायला शिकवल्या."

"सातवीचं काय झालं होतं?"

त्यांनी घड्याळाकडे बघणं थांबवलं. "त्या महिन्यात ती दुरुस्तीला गोदीत यायची होती. तळाचे पत्रे सडले होते. मग गोदीची तारीख रद्द झाली. मी गोदीत नवा होतो, कुणी कारण सांगितलं नाही. कागद सगळे वर ताईकडे असायचे. त्यानंतर चौकशीत कप्तानाचं नाव आलं आणि विषय मिटला. खरं सांगू? मिटला याचं मला बरंच वाटलं होतं."

परतताना वहिनी कोठारात शिरल्या. दोरखंड, रंगाचे डबे, कंदील आणि एका फळीवर साधी, बिनआकड्याची घंटा.

"ही कुठल्या बोटीची?"

"कुठल्याच नाही. ही उसनी घंटा," मिस्त्री म्हणाला. "भंगारात निघालेल्या बोटीची घंटा काढली की जाताना तिच्यावर काय लावणार? बिनघंटेची बोट बंदर सोडू शकत नाही. म्हणून शेवटच्या फेरीला ही लावायची. तिकडे बोट तुटली की मी हिला परत घेऊन येतो. आजोबांच्या काळापासून ही एकच घंटा आहे. पुस्तकातसुद्धा तसंच लिहिलंय."

वहिनींनी घंटा उचलून उलटी केली. दहा-बारा किलोंची असेल. आतल्या कडेला ओतल्याचं साल होतं. भाऊजींनी सवयीने पुटपुटत वजाबाकी केली. एकतीस वर्षं. मग त्यांना भूक लागल्याची आठवण झाली आणि वजाबाकी डोक्यातून गेली.

*

ताई वरच्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरी उलटलेली, पांढरं स्वच्छ लुगडं, पाठ ताठ. त्यांनी स्वतः चहा केला. कप पुढे करताना भाऊजींना त्यांची बोटं दिसली. नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. या वयातही घरकाम सुटलं नाही बिचारीचं, असं त्यांच्या मनात आलं.

"पुस्तक माझ्या हट्टाने निघतंय," ताई म्हणाल्या. "भावांना त्याचं काही नाही. मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून घंटा घासल्यात. आम्ही गेल्यावर हे कुणाला ठाऊक असणार?"

"हेडक्लार्क रविवारी कशासाठी आले होते?"

"लिहायला आले असतील. मला कळलंसुद्धा नाही. वर ते दीड वर्षात आलेले नाहीत. गुडघा."

"सातवीच्या फोटोचं पान सापडत नाही."

"मी तो फोटो पाहिलेलाच नाही."

"आणि सातवीची घंटा?"

"ती गेली तिच्याबरोबर," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर तो हूक रिकामा आहे. मी रोज बघते त्याच्याकडे."

त्यांच्या खुर्चीजवळ बुटक्या स्टुलावर भरतकामाचं झाकण घातलेलं काहीतरी होतं. भाऊजींनी चहाचं कौतुक करता करता विचारलं, "शिवणयंत्र का? अजून शिवता?"

"छे. सुईत दोरा ओवता येत नाही आता."

उठताना वहिनींचा हात सवयीने झाकणाकडे गेला. "राहू द्या," ताई म्हणाल्या. "मोडकं आहे."

खाली उतरल्यावर वहिनींनी छापखान्यात फोन केला. फोटोचा साचा तिथे होता. हेडक्लार्कनी तो शनिवारी मुद्दाम मोठा करून घेतला होता. तासाभरात प्रत हातात आली: धक्क्यावरून निघणारी सातवी, पुढच्या भागात कप्तान, आणि त्याच्या डोक्याशी घंटा.

"काय दिसतं, भाऊजी?"

"कप्तान. चेहरा मुलीसारखाच आहे. घंटा. आकाश ढगाळलेलं."

"घंटेवर काय आहे?"

भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "काहीच नाही."

वहिनींनी फोटो पिशवीत ठेवला. मग त्यांनी पोलीस चौकीचा रस्ता धरला.

*

गुरुवारी दुपारी सगळे ताईंच्या खोलीत जमले. थोरल्या मालकांना चौघांनी खुर्चीसकट वर आणलं. धाकटे खिडकीशी उभे राहिले, मिस्त्री दाराशी. कप्तानाची मुलगी भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर जिन्यात पोलीस अधिकारी थांबला होता, पण ते फक्त वहिनींना आणि भाऊजींना माहीत होतं.

"मी काठीपासून सुरू करते," वहिनी म्हणाल्या. "ज्या माणसाला चार पायऱ्या काठीशिवाय चढता येत नाहीत, त्याची काठी त्या चार पायऱ्यांच्या खाली सापडते. म्हणजे ती तिथे त्याने ठेवली नाही. हा माणूस बसला तरी काठी सोडत नसे. सोडली असेल तर कुणाच्या घरी पाहुणा म्हणून बसला असताना, चहाचा कप हातात घेण्यासाठी. या इमारतीत घर एकच आहे."

"ते दीड वर्षात वर आलेले नाहीत," ताई म्हणाल्या.

"त्यांचा जीव त्या फोटोत अडकला होता, म्हणून चढले. ते गेल्यावर कुणाला तरी काठी घरात सापडली. ती खाली नेऊन ठेवली. काठीची जागा छत्र्यांच्या स्टँडमध्ये असते असं चांगल्या घरातल्या माणसाला वाटतं."

धाकटे मालक म्हणाले, "पण कशासाठी? एका फोटोसाठी?"

वहिनींनी फोटो टेबलावर ठेवला. "ही सातवी, शेवटच्या फेरीला निघालेली. तुमच्या प्रत्येक बोटीच्या घंटेवर मोठा आकडा आहे. हिच्यावर नाही. मिस्त्री, बिनआकड्याची घंटा या कंपनीत कोणती?"

मिस्त्रीने फोटो जवळ घेऊन बघितला. "उसनी," तो म्हणाला. "पण ती तर कोठारात आहे."

"कोठारातली घंटा एकतीस वर्षांपूर्वी ओतलेली आहे. आजोबांच्या काळची नव्हे. भाऊजींनी वजाबाकी केली होती, फक्त ती कशातून करायची ते त्यांना सुचलं नाही. जुनी उसनी घंटा सातवीबरोबर समुद्राच्या तळाशी आहे. तिच्या जागी गुपचूप नवी आणून ठेवली."

थोरल्या मालकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांना आधी समजलं.

"उसनी घंटा फक्त परत न येणाऱ्या बोटीवर चढते," वहिनी म्हणाल्या. "ज्याने ती चढवली त्याला ठाऊक होतं की सातवी परत येणार नाही. तळाचे पत्रे सडलेले, गोदीची तारीख रद्द केलेली, बोटीचा विमा उतरवलेला. आणि कप्तानाला हा नेम ठाऊक होता. त्याने डोक्यावर उसनी घंटा बघितली आणि विचारलं असणार. त्या दुपारी तो घरी म्हणाला, घंटेला तडा गेलाय. हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं."

कप्तानाच्या मुलीने तोंडावर हात धरला.

"तडा खरंच गेला असेल," धाकटे चाचरत म्हणाले. "दुरुस्तीला काढली असेल."

"मग ती दुरुस्त होऊन सातव्या हुकाला लागली असती. ताई मला म्हणाल्या, ती बोटीबरोबर गेली. आणि एक सांगा. जिन्यातल्या घंटा एक तारखेपासून घासलेल्या नाहीत, काळवंडल्यात. मग काल चोवीस तारखेला ताईंच्या नखांत पितळ घासल्याचा काळा मळ कुठून आला?"

त्या उठल्या, स्टुलाजवळ गेल्या आणि भरतकामाच्या झाकणावर त्यांनी पेराने टकटक केलं.

आतून घुमल्यासारखा आवाज आला आणि बराच वेळ थांबला नाही.

झाकण भाऊजींनी काढलं. घंटा आरशासारखी लखलखत होती. सातचा आकडा घासून घासून पार गुळगुळीत झाला होता. लोलकाला वेणीसारखा विणलेला दोर होता.

"ताई," थोरले मालक म्हणाले.

ताईंनी आधी झाकणाची नीट घडी घातली, मग बोलल्या.

"वडील वरच्या खोलीत मरत होते आणि खाली लिलावाची नोटीस आली होती. मला वाटलं, ती किनाऱ्याजवळ बसेल. माणसं होडीतून येतील. बोट जाणारच होती, पण घंटा जाऊ द्यायला माझं मन होईना. पहाटे मी स्वतः जाऊन बदलली. आजोबांनी एकही घंटा जाऊ दिली नव्हती."

"माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं?" कप्तानाची मुलगी म्हणाली.

"विचारलं. उसनी का लावलीत ताई, म्हणाले. मी म्हटलं, तुमचीला तडा गेलाय. त्यांनी लगेच मानलं." ताईंची ताठ पाठ पहिल्यांदाच वाकली. "घंटेच्या बाबतीत आमच्या घरात कुणी कधी खोटं बोललं नव्हतं."

"आणि हेडक्लार्क?"

"तो फोटो घेऊन आला. मी पाया पडले त्याच्या. म्हणाला, पान बदलणार. जिन्यात उभा होता, मी मागून हात लावला. काठी नव्हतीच त्याच्या हातात, चहाच्या वेळी मीच ठेवून घेतली होती."

भाऊजींना त्या चहाची चव आठवली. त्यांनी काल कप संपवून आणखी मागितला होता.

*

घंटा पुरावा होती. पोलीस अधिकाऱ्याने ती एका तासासाठी द्यायला खूप आढेवेढे घेतले. वहिनींनी त्याला कसं राजी केलं ते भाऊजींना कळलं नाही. तो स्वतः गाडीत घंटा मांडीवर घेऊन बसला.

कप्तानाच्या बायकोची खोली गल्लीच्या टोकाला होती. म्हातारीला दिसत नव्हतं. मुलीने खाटेच्या कडेला बसून तिला सगळं सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट दोनदा. मग भाऊजींनी घंटा पांघरुणावर टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

म्हातारीच्या हाताला पहिल्यांदा दोर लागला. "हा त्यांनी विणला," ती म्हणाली. "इथे बसून. मी दुसरं टोक धरलं होतं."

मग तिची बोटं घंटेवरून फिरायला लागली. वरून खाली, आकड्यावरून, कडेवरून, आतल्या बाजूने, पुन्हा बाहेरून. ती काय शोधते आहे ते भाऊजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

कडेचा पूर्ण फेरा झाला. म्हातारीने आणखी एक फेरा घेतला.

"तडा नाहीये," ती म्हणाली.

"नाही, आई."

"मग शेजारणीला बोलव," म्हातारी म्हणाली. "तिचा मुलगा होता बोटीवर. तिलाही हात लावून बघू दे."